सातव्या मैलाचं पाणी

इंजिन खोटं बोलत नाही, ड्रायव्हर बोलतो. वीस वर्षं हातात पाना धरून मी एवढं एकच शिकलो, आणि ते कुणाच्याही तोंडावर सांगायला मला कधी भीड वाटली नाही. त्यामुळे त्र्याहत्तरच्या मे महिन्यात कोंडीबा टँकर घेऊन सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरच्या माझ्या गॅरेजात आला, तेव्हा मी आधी त्याच्याकडे बघितलं आणि मग गाडीकडे.

"सोमलिंग मिस्त्री, गाडी तापती," तो म्हणाला. "रोज जाताना, सातव्या मैलाच्या दगडापाशी. दुसरीकडं कुटं न्हाय."

"गाडीला मैलाचे दगड वाचता येतात व्हय रे? सकाळी रेडिएटर भरतोस, का तसाच निघतोस?"

"आईच्यान भरतो की."

दुष्काळाचं साल. कुंभारीच्या पुढे रस्त्याच्या कामावर तीनशे माणसं खडी फोडत होती, आणि त्यांना प्यायचं पाणी नेणारी गाडी ही एकच. कोंडीबाची बायको गोजरबाई त्याच कामावर होती. तिला नववा महिना लागलेला. घरी बस म्हटलं तर ऐकेना, कारण गावात पाणीच नव्हतं, कामावर निदान टँकर तरी यायचा. आधीची दोन बाळं जन्मताच गेलेली. कोंडीबा काहीही बोलायला लागला की फिरून तिच्यावरच यायचा.

"बाळंतपणाला हीच गाडी हाय, मिस्त्री. येळंला बंद पडली तर मी काय करू?"

मी गाडीला हात घातला. फॅनबेल्ट घट्ट होता. वॉटरपंप ठणठणीत. थर्मोस्टॅट काढून उकळत्या पाण्यात टाकला, तर तो शहाण्यासारखा उघडला. रेडिएटरच्या नळ्यांतून तार फिरवून गाळ काढला, झाकणाचं रबर बदललं. गॅस्केट गेलं असेल तर ऑइलमध्ये पाणी शिरून त्याचं ताक होतं. ऑइलची काडी बाहेर काढून बघितली, ऑइल काळंभोर. कुठे थेंब गळत नव्हता. आणि दुसऱ्या दिवशी गाडी सातव्या मैलाला पुन्हा उकळली. रेडिएटरमधलं अर्धी बादली पाणी गायब.

माझं टाळकंच फिरलं. पाणी काय उडून जातं?

शेजारच्या चादरींच्या रंगखान्यातून मी लाल रंगाची पुडी आणली आणि ती रेडिएटरच्या पाण्यात कालवली. सगळ्या जोडांवर चुना फासला. गळती केसाएवढी असली तरी पांढऱ्यावर लाल उमटणारच, ही माझी जुनी युक्ती. माझी बोटं मात्र लालेलाल झाली. साबण, रॉकेल, कशाने तो रंग निघेना. कोंडीबाचा पाण्याचा जादा डबाही मी काढून घेतला.

"गुपचूप डब्यातलं भरतोस आणि मला येड्यात काढतोस. आज मीच बरोबर येतो. अडलंच तर टँकरची तोटी आहे."

त्याने डब्याकडे एकदा बघितलं आणि गाडी चालू केली. मला अडवलं असतं तर बरं झालं असतं.

सातव्या मैलाला काटा चढला. झाकणातून वाफ फुसफुसली. मी खाली उतरून एकेक जोड बघितला. चुना कोरडा, पांढराशुभ्र. गाडीखालची धूळही कोरडी. इंजिन निवल्यावर झाकण उघडलं, तर अर्धी बादली लाल पाणी कमी. टँकरमधलं पाणी ओतून मी रेडिएटर पुन्हा भरला.

रस्त्याकडेला एक लिंब होता. त्याच्या बुडाशी वाळूत अर्धा पुरलेला रांजण.

"चंद्रव्वाची पाणपोई," कोंडीबा म्हणाला. "म्हातारी गेल्या शिमग्याला गेली. कोसभर चालून पानी आनायची. मानसाला पाजून झालं की गाडीलाबी वतायची. तिलाबी तहान असती की, म्हनायची. आमी समदे डायवर तिचं पानी पिलोय."

"आता कोण भरतं?"

"कोन भरनार? मीच रोज टँकर भरून हितनं जातो. पर ते तीनशे मानसांचं मोजलेलं पानी." तो मान फिरवून गाडीत बसला.

मी रांजणात डोकावलो. तळाला लिंबाचा पाला आणि तोंडावर कोळ्याचं जाळं.

कामावर पोचलो तर गोजरबाई खडीच्या ढिगाला पाठ लावून बसलेली. कळा सुरू झाल्या होत्या. केराबाई म्हणून एक म्हातारी सुईण तिचं पोट चाचपत होती. ती कोंडीबाकडे न बघताच म्हणाली, "पोर आडवं हाय. मोठ्या दवाखान्यात न्या. बिगी बिगी." तोवर बायकांनी घागरी लावून टँकर पार रिकामा केला होता.

आम्ही निघालो. गोजरबाई आमच्या दोघांच्या मध्ये. प्रत्येक खड्ड्याला ती दात आवळायची. कोंडीबाचे ओठ सारखे हलत होते. मी काट्यावर नजर ठेवून होतो. परतताना गाडी कधी तापत नव्हती, त्यामुळे मला धीर होता.

सातव्या मैलाला काटा चढला.

इंजिन बंद केलं. टँकर कोरडा. डबा माझ्या गॅरेजात, मीच काढून ठेवलेला. दुपारचा एक वाजलेला, रस्त्यावर चिटपाखरू नाही. कोंडीबाने बायकोला उचलून लिंबाच्या सावलीत ठेवलं आणि बादली घेऊन लांबच्या वस्तीकडे पळत सुटला.

मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. मी बॉनेटखाली डोकं घालून उभा राहिलो. गाडी निवेपर्यंत झाकण उघडता येत नव्हतं. पलीकडे गोजरबाई कण्हत होती. "सिद्धरामा, आता तूच बघ रे बाबा," मी म्हणालो. ग्रामदैवताचं नाव मी किती वर्षांनी घेतलं असेल कोण जाणे.

मग कण्हणं थांबलं.

मातीच्या रांजणावर तांब्या घासल्याचा आवाज आला. पाणी ओतल्याचा आवाज आला.

"कोंडीबा, मिळालं का रे?"



मी गाडीला वळसा घालून गेलो. गोजरबाई एकटीच होती. डोळे मिटलेले, श्वास संथ. हनुवटी ओली.

रांजण काठोकाठ भरला होता. नितळ पाणी.

तोंडावरचं कोळ्याचं जाळं जसंच्या तसं होतं. ते मी माझ्या हाताने मोडलं.

कोंडीबा धापा टाकत, रिकामी बादली घेऊन आला. रांजणाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग बादली रांजणात बुडवली. इंजिन चालू करून आम्ही धारेधारेने पाणी ओतलं, कारण तापल्या इंजिनावर गार पाणी एकदम पडलं तर ते तडकतं. काटा उतरला. नंतर सोलापूरपर्यंत तो जागचा हलला नाही. दिवेलागणीला दवाखान्यात मुलगी झाली. ती अशी टाहो फोडून रडली की बाहेर बाकावर बसलेला कोंडीबाही रडायला लागला, आणि मलाही आवरेना.

दुसऱ्या दिवसापासून कोंडीबा जाताना आधी दोन घागरी रांजणात ओतायचा. तीनशे माणसांपैकी कुणीही पाणी कमी पडलं म्हणालं नाही. गाडीही तापली नाही. मी तिचा एक नटसुद्धा पुन्हा फिरवला नव्हता.

बाराव्या दिवशी बारसं झालं. पोरीचं नाव चंद्रा ठेवलं. मी झबलं घेऊन गेलो होतो. बायका पाळण्याभोवती गोळा झाल्या, तेव्हा गोजरबाईने मला बाजूला बोलावलं आणि हातात चोळीचा खण ठेवला. लालभडक.

"मिस्त्रीदादा, हा त्या आजीला पोचवा. लिंबाखाली पानी पाजलं ती. तुमच्याच कानडी भाषेत बोलत हुती. नीरु कुडि मगळे, आसं कायतरी. म्हंजी काय वो?"

"पाणी पी, लेकी," मी म्हणालो. "खण लालच का घेतलास?"

"तिचे हात लाल हुते न्हवं. मला वाटलं, लालच आवडत आसंल."

तिने माझ्या हाताकडे बोट दाखवलं. माझ्या नखांच्या कडांत तो चादरीचा रंग अजून होता.

"आगदी आसाच," ती म्हणाली. "पर तिचा पार कोपरापतूर हुता."