अर्धी राहिलेली कटिंग

सलूनवाल्याची एक शिस्त होती. रात्री दुकान झाडून, केराचा डबा रिकामा करूनच तो आतल्या जिन्याने वर घरी जायचा. त्यामुळे त्या सोमवारी सकाळी खुर्चीखाली मूठभर पांढरे केस दिसले, तेव्हा त्याला भीती वाटली नाही. स्वतःचाच राग आला. वय झालं, असं पुटपुटत त्याने झाडू घेतला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी दाढीचा ब्रशही ओला होता, आणि बंद दुकानात ताज्या साबणाचा वास कोंडला होता.

बायको हसली. "मला न सांगता रात्रपाळी सुरू केलीत की काय?"

"अगं, चेष्टा नको. शटरला कुलूप होतं. आणि केस कुणाचे? तुझे काळे, माझे तर..." त्याने आपल्या टकलावरून हात फिरवला.

"कुणाचे ते देव जाणे. पण कापणारे तुम्हीच. परवा मध्येच उठलात, पाणी प्यायलात, माझ्याशी चार शब्द बोललात. सकाळी विचारलं तर काही आठवेना. त्या गोळ्यांचं आहे हे सगळं."

झोपेच्या गोळ्या चार वर्षांपासून चालू होत्या. भाऊ गेला तेव्हा झोप उडाली होती. डॉक्टरांनी दोन आठवड्यांसाठी लिहून दिल्या होत्या. तीच चिठ्ठी घड्यांवर फाटेपर्यंत चालली. औषधाच्या दुकानातला माणूस ओळखीचा, तो न बघताच पाकीट पुढे करायचा. यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटलं नाही. गोळी छोटी होती, रात्र मोठी होती.

आठव्या दिवशी बायको वेणी घालायला बसली आणि तिचा हात मानेपाशी थांबला. एक बट मुळापासून गायब होती. नुसती कापलेली नव्हे, वस्तऱ्याने तासलेली.

ती ओरडली नाही. हळू आवाजात म्हणाली, "इथे, मानेवर... वस्तरा होता तुमचा. आज डॉक्टरकडे चला. नाहीतर मी ताईकडे निघते."

जुने डॉक्टर निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी आलेली तरुण डॉक्टरीण चिठ्ठीवरची तारीख बघून तापली.

"काका, दोन आठवड्यांची चिठ्ठी चार वर्षं? या गोळ्या घेऊन माणसं झोपेत स्वयंपाक करतात, गाड्या चालवतात, सकाळी त्यांना पत्ताही नसतो. तुमच्या हातात तर वस्तरा!"

"आजपासून बंद करतो."

"अजिबात नाही. एकदम बंद करणंही धोक्याचं असतं. मी सांगेन तशा हळूहळू कमी करायच्या. हात थरथरतील, झोप लागणार नाही. सोसायचं. आणि दर आठवड्याला मला येऊन भेटायचं."

त्याने सोसलं. बायको दुसऱ्या खोलीत कडी लावून झोपायची, हा छताकडे बघत पडायचा. दिवसा हात इतका थरथरे की वस्तरा त्याने ड्रॉवरमध्ये ठेवून दिला, फक्त कात्री चालवली. गिऱ्हाईकं म्हणायची, "मास्तर, कान तेवढे ठेवा!" पण गोळी जसजशी लहान होत गेली, तसे खुर्चीखालचे केसही कमी होत गेले. चौथ्या महिन्यात गोळी संपली, तेव्हा फरशी स्वच्छ झाली. बायकोने कडी लावणं सोडलं. हाताची थरथर मात्र गेली नाही.

सहा आठवडे गेले.

एका दुपारी एक उंच म्हातारा आला. टोपी काढून खुर्चीत बसला. डोक्याच्या उजव्या बाजूला खांद्यापर्यंत पांढरे केस होते. डावी बाजू सुबक कापलेली.

"कुणी असं अर्धवट सोडलं हो?"

"तूच."

सलूनवाल्याने कानामागचा उतार पाहिला. आपलं अक्षर ओळखावं तसा तो ओळखला.

"रोज थोडंथोडं करायचास," म्हातारा शांतपणे म्हणाला. "मग बंदच केलंस..."

नकळत त्याचा अंगठा म्हाताऱ्याच्या मानेवर गेला. तीस वर्षांच्या धंद्यात अंगठा शिकला होता की आज कापलेले केस टोचतात आणि आठवड्याने मऊ पडतात. सहा आठवड्यांनी ते कॉलरवर यायला हवे होते. हे टोचत होते. एक कणही वाढले नव्हते.

त्याने कात्री उचलली. ती हातात खडखडू लागली.

"राहू दे. जागेपणी हात थरथरतो तुझा. झोपेत कसा स्थिर असतो." म्हातारा उठला. तेवढ्यात बायको चहा घेऊन जिन्याच्या शेवटच्या पायरीवर आली होती. तिच्याकडे बघून त्याने विचारलं, "वाढले का केस, बाई?"

तिचा हात मानेवर गेला.

"रात्री येतो," म्हणून त्याने टोपी घातली आणि तो उन्हात निघून गेला.

त्या रात्री नवरा-बायको दिवा लावून, एकमेकांचे हात धरून, पहाटेपर्यंत जागे बसले. निदान दोघांनाही तसंच वाटत होतं. उजाडल्यावर ते बरोबरच खाली उतरले. फरशी स्वच्छ होती. शटरला कुलूप होतं. बायकोने सुस्कारा सोडला.

"उघडा आता," ती म्हणाली.

त्याने किल्ली कुलपात घातली. ती एका दमात, कुठेही न अडखळता आत गेली. बायको त्याच्या हाताकडे बघत राहिली आणि एक पाऊल मागे सरकली.

हात जराही थरथरत नव्हता.