उलट दिशेला

दुकानांतले वजनकाटे तपासायचे आणि बरोबर असले तर शिक्का मारायचा, हे माझं काम. काटा खरं बोलतोय की खोटं, हे मला एका नजरेत कळतं. माणसासमोर मात्र जीभ टाळ्याला चिकटते. वाढणाऱ्याला 'पुरे' म्हणता येत नाही म्हणून मी पोट बिघडेपर्यंत जेवलोय. बायको म्हणते, "भीड भिकेची बहीण म्हणतात. तू तिचा सख्खा भाऊ."

रस्ता विचारायचीही मला लाज वाटते. हे साडूला ठाऊक होतं. त्याच्या नव्या गाडीत नकाशा आतच बसवलेला होता, तेव्हा जुन्या गाडीतलं सुटं जीपीएस त्यानं मला देऊन टाकलं. तळहाताएवढा पडदा, मागे रबराची वाटी. ती काचेवर दाबली की यंत्र चिकटून बसायचं आणि पत्ता घातला की एक बाई शांत आवाजात वळणं सांगत राहायची. "तिच्याशी वाद घालू नकोस," साडू म्हणाला, "बरोबर पोचवते."

थोड्याच दिवसांत आमच्या साहेबांचे वडील वारले. साहेब नुकतेच बदलून आलेले, त्यांचं घर मी पाहिलं नव्हतं. एका दुपारी यंत्रात पत्ता घातला आणि भेटायला निघालो.

बाईनं मला पुलाखालून बैठ्या घरांच्या वस्तीत नेलं. अरुंद रस्ता, दोन्हीकडे कुंपणं, कुठेतरी पाण्याचा पंप चालू. रस्ता एका हिरव्या फाटकाशी संपत होता. "आपण पोचला आहात," ती म्हणाली. दारात चपला-बुटांचा ढीग होता. मला शंका यायचं कारणच नव्हतं.

आत खुर्च्या भिंतीला लावलेल्या. माणसं खाली माना घालून बसलेली. नुकत्याच पुसलेल्या फरशीला फिनेलचा वास येत होता. टेबलावर फोटो होता: पन्नाशीचा धिप्पाड माणूस, सोनेरी काड्यांचा चष्मा, एक भुवई जरा वर, जणू कुणाचा तरी विनोद ऐकतोय. साहेबांचंच वय पन्नाशीचं, मग वडील एवढे तरुण कसे? मी शेजारच्या गृहस्थांना हळूच विचारलं, "साहेब आत आहेत का?"

"कोण साहेब?" ते म्हणाले. "यांना एकच मुलगी. ती निघालीय तिकडून."

माझे कान तापले. मी उठणार, तेवढ्यात एक बाई समोर येऊन उभ्या राहिल्या. चेहरा धुऊन आल्या होत्या, कपाळावरचे केस ओले होते. त्यांनी माझा हात धरला.

"तुम्हीच ना ते? यांना गाडीतून नेत होतात?"

सगळ्यांच्या माना वर झाल्या. 'नाही' हा काही अवघड शब्द नाही.

"हो," मी म्हणालो.

"शेवटी काही बोलले?"

"काच खाली करायला सांगितली. वारा बरा वाटतोय म्हणाले. मग डोळे मिटले. त्रास नाही झाला."

हे माझ्या तोंडात कुठून आलं, मला माहीत नाही. त्यांनी माझा हात स्वतःच्या कपाळाला लावला. "ऐकलंत ना?" त्या सगळ्यांना म्हणाल्या. "एकटे नव्हते गेले ते." कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्यानं डोळे पुसले. कुणीतरी मला पाणी आणून दिलं आणि मी ते प्यायलो. त्या पाण्याची मला अजून लाज वाटते.

साहेबांकडे गेलोच नाही. घरी येऊन बायकोला सांगितलं. आधी ती हसली, मग तिचं हसू थांबलं.

"गेलेल्या माणसाच्या बायकोशी खोटं बोललास?"

"तिला बरं वाटलं गं."

"आणि जो खरंच गाडीत होता, तो उद्या तिच्या दारात आला म्हणजे? जा, हात जोड आणि खरं काय ते सांगून ये."

बरेच दिवस मी टाळत राहिलो. शेवटी एका सकाळी यंत्रातला तोच पत्ता पुन्हा लावला आणि वाक्यं घोकत निघालो. तोच पूल, तीच कुंपणं, तेच हिरवं फाटक. दारात चपला नव्हत्या. मी बेल वाजवली.

दार फोटोतल्या माणसानं उघडलं.

सोनेरी काड्या. एक भुवई वर.

हा भाऊ असणार, मी मनाला समजावलं. जुळा असेल. "मी मागे येऊन गेलो होतो," कसाबसा म्हणालो, "तुमचे भाऊ गेले तेव्हा..."

"मला भाऊ नाही हो. कोण हवंय आपल्याला?"

त्यांच्या मागून त्याच बाई हात पुसत आल्या. दारावर आलेल्या कुणाही परक्याकडे पाहावं, तसं माझ्याकडे पाहिलं. "कोण आहे?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"माझा पत्ता चुकला," मी म्हणालो.

"मग देवासारखे चुकलात," ते हसले. डाव्या हाताचा दंड चोळत होते. "आमची गाडी आज ढिम्म हलेना. डॉक्टरकडे जायचंय, चौकातच आहे दवाखाना. तेवढं सोडता?"

त्या खोलीतलं सगळं आठवलं: ओले केस, माझ्या हाताला लागलेलं कपाळ, 'एकटे नव्हते गेले'.

माझ्या गाडीत नको, एवढंच माझ्या मनात आलं.

"मला उलट दिशेला जायचंय," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तोंडावर नाही म्हणालो, ते हे.

त्यांनी माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे पाहिलं. रस्ता त्यांच्याच फाटकाशी संपत होता. उलट दिशाच नव्हती.

"असू दे, असू दे," तेच ओशाळून म्हणाले. "चालत जाईन. चालणं बरंच."

मी गाडी वळवली. आरशात ते फाटक लावताना दिसले.

पुलाखाली येईपर्यंत यंत्र गप्प होतं. मग बाई म्हणाली, "शक्य असेल तिथे मागे वळा."

मी बटण दाबून ते बंद केलं. पडदा काळा झाला.

"शक्य असेल तिथे मागे वळा."

मी ते काचेवरून उपटलं आणि मागच्या सीटवर टाकलं. तिथूनही ती सांगत राहिली, त्याच शांत आवाजात. न चिडता. शेवटी मी वळलो.

वस्तीच्या तोंडाशी, एका कुंपणाच्या भिंतीपाशी, चारपाच माणसं वाकून उभी होती. त्यांच्या पायांमधून मला एक बूट दिसला आणि रस्त्यावर पडलेला चष्मा.

"कुणी ओळखतं का यांना?" एकजण विचारत होता.

मी गाडी थांबवली नाही.

यंत्र गप्प झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मी यंत्राशिवाय गेलो. दारात चपला-बुटांचा ढीग. आत भिंतीला लावलेल्या खुर्च्या, फिनेलचा वास, टेबलावर तोच फोटो. मागच्या वेळचे शेजारचे गृहस्थ कुणाला तरी सांगत होते, "भिंतीला टेकून बसलेले. माणसं शेजारून गेली. वाटलं, दमलेत, बसलेत जरा."

बाई आल्या. कपाळावरचे केस ओले होते. त्यांनी माझा हात धरला नाही.

"कुणी नव्हतं हो जवळ," त्या म्हणाल्या. त्या प्रत्येकाला हेच सांगत होत्या. मग जरा थांबून, "आपण?"

ती वाक्यं माझ्या जिभेवर होती. काच खाली करायला सांगितली. वारा बरा वाटतोय म्हणाले. पण शेजारचे गृहस्थ माझ्याकडेच पाहत होते.

"असाच," मी म्हणालो. "ओळखीचा."

बाईंनी मान हलवली आणि त्या पुढच्या माणसाकडे वळल्या. कुणी मला बस म्हणालं नाही.

गाडीत येऊन किल्ली फिरवली. समोर एक लाल दिवा लागला. शेजारच्या सीटवर बसलेल्यानं पट्टा बांधला नसला की तो लागतो. सीट रिकामी होती. मी गाडी बंद करून पुन्हा चालू केली. दिवा तसाच. फाटकातून माणसं बाहेर येऊ लागली होती, आणि त्यांच्यासमोर तिथं थांबून राहायचीही मला लाज वाटत होती. मी वाकून त्या बाजूचा पट्टा हातात घेतला आणि खटक्यात अडकवू लागलो. तो पुरेना. एरवी लागतो त्याहून बराच जास्त ओढावा लागला.

मग दिवा विझला.