घनश्यामभाऊंचा पेला

खुशबू नवेगाव बांधला निघाली ती फक्त एका सहीसाठी. तलावाकाठच्या मुलींच्या वसतिगृहाचे तिन्ही ट्रस्टी वारले होते. नवा ट्रस्टी नेमावा म्हणून कोर्टात अर्ज द्यायचा होता. कागदावर सही करणारंच कोणी नसल्यानं वसतिगृहाचं धान्य अडलं होतं. दिवाळीला घरी गेलेल्या मुली मग परत यायच्या नाहीत, त्यांची लग्नं उरकली जातील, हे निवृत्त शिक्षिका अल्काताईंना पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच त्या ट्रस्टी व्हायला तयार झाल्या होत्या, आणि अर्जावर सही त्यांचीच हवी होती.

दुपारच होती, पण आभाळ दाटलेलं आणि लाईट गेलेली. बैठकीच्या खोलीत ओल्या तणसाचा, भाताच्या पेंढ्याचा वास कोंडला होता. स्वयंपाकीण दुर्पताबाईनं तीन रिकाम्या खुर्च्यांसमोर पाण्याचे पेले ठेवले. त्या ठक्‌ आवाजानंही खुशबू दचकली. पाल चुकचुकली तरी दचकणारी वकील ती.

"हे कोणासाठी?"

"ट्रस्टी लोकायसाठी. शालिकरामभाऊले लिवता येत नव्हतं. मंग ज्याले पटलं त्यानं पानी प्यावं, पेला उपडा घालावा. नाही पटलं तं भरलाच ठेवावा."

"पण ते तर..."

"बंद कर म्हनून कोनी सांगतलं नाही. मी ठेवून राहिली."

समोर बसलेल्या अल्काताई हसल्या. "हे तिघं जिवंत होते तवा छोटेलाल ठेकेदाराले ट्रस्टी व्हाचं होतं. त्या दिवशी तिन्ही पेले भरलेच. असा पळाला, चप्पल घ्याले बी नाही आला!"

खुशबूनं अर्ज मोठ्यानं वाचला. शालिकराम आणि इंद्रकुमार आजारानं गेले. घनश्याम यांचा डोंगा तलावात उलटला, प्रेत मिळालं नाही, पुढे कोर्टानं त्यांना मृत ठरवलं. सबब तिघेही मयत.

वाचून झाल्यावर तिघी उजेडासाठी ओसरीवर आल्या. अल्काताईंनी सही केली. पिशवी आत राहिली म्हणून खुशबू परत गेली आणि उंबऱ्यातच थबकली.

दोन पेले उपडे होते. टेबल कोरडं.

तिसरा काठोकाठ भरलेला. पण पाणी हिरवट, गाळाचा वास मारणारं. वर शेवाळाचा एक धागा संथ फिरत होता.

"ताई... हा कोणाचा?"

"घनश्यामभाऊचा," मागून दुर्पताबाई म्हणाली.

अल्काताईंनी आत येऊन पेला पाहिला.

"अर्ज दाखल कर."

"पण तिघेही मयत, असं आपण शपथेवर..."

"कोर्टानंच म्हटलं ना तसं? शपथ माझी आहे, पोरी. मुली परत आल्या पाहिजेत."

आदेश मिळाला. मुली परत आल्या. आदेशाची प्रत घेऊन खुशबू पुन्हा गेली तेव्हा पटांगणात कलकलाट होता, चुलीवर भात शिजत होता. बैठकीच्या खोलीत आता चार खुर्च्या होत्या. पेले मात्र तीनच: दोन जुने, एक अल्काताईंचा. तिला हायसं वाटलं.

"घनश्यामभाऊंचा बंद केला? बरं झालं, दुर्पताबाई."

दुर्पताबाईनं मान वर केली नाही. ती फडक्यानं फरशी पुसत होती, दारापासून आतपर्यंत.

"त्यायचा ठेवा नाही लागत आता," ती म्हणाली. "ते आपला घेऊन येतेत."

चौथी खुर्ची टेबलापासून थोडी मागे सरकलेली होती, माणूस बसल्यावर असते तेवढी. तिच्या बुडाखालून पाणी ठिबकत होतं...