बोन्तोलामाचा मुका भोंगा

"आचो, हलू नकोस! हललास तर मीही खाली आणि पतंगही खाली!"

"मी कुठे हलतोय? तूच जड झालीयेस! सकाळी काय खाल्लंस, अख्खी सुरमई?"

बोन्तोलामा गावच्या मासळी बाजाराच्या पत्र्यावर आचो भिंतीसारखा उभा होता आणि त्याच्या खांद्यावर तेन्री. शाळेला सुट्टी लागून चार दिवस झाले होते, तेवढ्यात त्यांचा सगळ्यात मोठा पतंग भोंग्याच्या खांबाला जाऊन अडकला होता. खाली तेन्रीची सात वर्षांची बहीण बासे दोन्ही हात पसरून उभी होती. ताई पडलीच तर झेलायचं म्हणून!

हा भोंगा म्हणजे साधासुधा भोंगा नव्हे. भूकंप झाला आणि समुद्र खवळून गावात शिरणार असला, की गावाला जागं करणारा भोंगा. दर महिन्याच्या सव्वीस तारखेला सकाळी दहाला तो वाजवून बघायचा, असा नियम होता. वाजला की कपाटातल्या बशा थरथरत आणि कोंबड्या पलंगाखाली शिरत.

तेन्रीने पतंगाचा दोरा पकडला आणि सहज भोंग्याच्या तोंडात डोकावून पाहिलं.

"अगंबाई! आत चिमणीचं घरटं आहे! तीन पिल्लं आहेत. अजून पिसंही नाही फुटली!"

"मला बघू दे! मला बघू दे!" बासे खाली उड्या मारायला लागली.

चिमणी शेजारच्या तारेवर बसून चोचीत किडा धरून तेन्रीवर डोळे वटारत होती. तेन्री हसली, आणि हसता हसता थांबली.

"आचो, काल सव्वीस तारीख होती ना?"

"होती. मग?"

"मग हे घरटं शाबूत कसं? काल भोंगा वाजला असता तर चिमणी इथं राहिली असती का? तू ऐकलास काल?"

आचो विचारात पडला. "दहाला आपण धक्क्यावरून उड्या मारत होतो. माझं डोकं पाण्यात होतं."

"पूर्ण वेळ?"

"...नाही."

भोंग्याची देखभाल दाएंग तोम्पोंकडे होती. ('दाएंग' म्हणजे तिकडे मोठ्या माणसाला मानाने म्हणायचं 'दादा'.) दाएंग तोम्पो म्हणजे गावातले सगळ्यात आनंदी गृहस्थ! समुद्राकाठी त्यांचं खाण्याचं दुकान होतं. तिथे केळ्याची गरमागरम भजी मिळत, वर लालभडक मिरचीची चटणी. शिवाय माईक हातात घेऊन गाणी म्हणायचं यंत्रही होतं. मुलं पोहोचली तेव्हा ते भजी तळत होते.

"भोंगा? वाजवला की काल!" ते झारा हलवत म्हणाले. "वहीत लिहिलंय. सही आहे माझी."

"पण कुणीच ऐकला नाही, दाएंग."

"वारा समुद्राकडे होता."

"आणि भोंग्यात चिमणीची पिल्लं आहेत!"

"चिमण्या बहिऱ्या असतात," दाएंग तोम्पो म्हणाले आणि प्रत्येकाच्या हातावर एकेक भजं ठेवलं. "खा आणि पळा!"

मुलं भजी खात पळाली, पण वाडीपर्यंतच. दुपारी दोनला रोजच्यासारखी वीज गेली. घरोघरचे पंखे थांबले. तेन्री-बासेची आजी पुठ्ठ्याने वारा घेत ओसरीवर येऊन बसली. आणि त्या शांततेत दुकानाकडून आवाज आला : "प्रियेऽऽ, तुझ्यावाचूनऽऽ..."

"हे आपले गावप्रमुख गातायत," आजी म्हणाली. "बकरी अडकली असं वाटेल एखाद्याला."

तेन्री ताडकन उठली. "आजी, वीज गेलीय ना? मग माईक कशावर चाललाय?"

पाच मिनिटांत तिघं दुकानामागे दबा धरून बसली. आत गावप्रमुख दाएंग बाली डोळे मिटून गात होते आणि चार-पाच कोळी टाळ्या वाजवत होते. यंत्रातून निघालेली काळी वायर भिंतीकडेने जाऊन फुलाफुलांच्या कापडाखाली गडप झाली होती.

"बासे, तुझं काम," तेन्री कुजबुजली.

बासे सरळ दुकानात शिरली. "माझं मांजर! माझं मांजर आत आलंय!" असं ओरडत टेबलाखालून रांगत गेली आणि कापडाखाली डोकं घालून बाहेर आली. तिचे डोळे बशीएवढे झाले होते.

"मोठी बॅटरी आहे! पिवळ्या कागदावर लिहिलंय, 'आपत्ती सूचना. हात लावू नये.'"

"आणि आपण जाऊन सांगायचं कुणाला?" आचो म्हणाला. "गावप्रमुख तर स्वतःच गातायत!"

"सांगायचं नाही. त्यांच्याच तोंडून वदवायचं," तेन्री म्हणाली. "आचो, पळत ये. जितकं घाबरता येईल तितकं घाबर."

आचोला नाटकाची हौस होतीच. तो धापा टाकत दुकानात घुसला. "दाएंग! दाएंग तोम्पो! घात झाला! भोंग्याच्या पेटीतली बॅटरी चोरीला गेली!"

"छे, कोण चोरणार?" दाएंग तोम्पो भजी उलटत म्हणाले. "ती तर इथं माझ्या..."

झारा हवेतच राहिला. टाळ्या थांबल्या. गावप्रमुखांनी डोळे उघडले.

"तोम्पो," ते म्हणाले, "मी आत्ता भोंग्यावर गात होतो?"

"थोडे दिवसच, दाएंग! दुपारी वीज जाते, माणसं कंटाळतात... आणि तो भोंगा चार वर्षांत खऱ्या कामाला एकदा तरी लागलाय का?"

"उद्या सकाळी पहिलं काम, बॅटरी जागेवर!" गावप्रमुखांनी दरडावलं.

"उद्या नाही, आत्ता!" तेन्री म्हणाली. मोठ्यांशी अशा आवाजात ती कधी बोलली नव्हती. तिचे कान तापले. "समुद्र उद्यापर्यंत थांबेल असं कुणी सांगितलंय का?"

"बरं, बरं. एवढं कडवं होऊ दे, मग..." गावप्रमुख माईक तोंडाशी नेत म्हणाले.

ते कडवं काही झालं नाही. आधी बरण्या किणकिणल्या. मग जमीन पायाखालून कुणी चटईसारखी ओढावी तशी हलली. बाक उलटले. दाएंग तोम्पोंनी तेलाच्या कढईवर झाकण दाबून चूल विझवली.

"बाहेर!" तेन्री ओरडली. तिने बासेला घट्ट धरलं आणि शाळेत शिकवलं होतं तसं मोजायला लागली. "आठ... नऊ..." वीस झाले, तीस झाले, तरी हलणं थांबेना. वीसच्या पुढे गेलं की वाट बघायची नाही, डोंगर गाठायचा!

जमीन थांबली. आणि सगळे एकाच वेळी खांबाकडे बघायला लागले. भोंगा गप्प. मशिदीचा कर्णाही गप्प, कारण वीज नव्हती. पलीकडच्या टोकाला जाळी विणणारे, घराघरांत झोपलेली पोरं, म्हातारी माणसं... त्यांना वाटणार, संपला धक्का.

तेन्रीने गावप्रमुखांच्या हातून माईक घेतला. "आचो, आवाज मोठा कर! सगळ्यात मोठा!"

"डोंगरावर चला! सामान घेऊ नका! सगळ्यांनी डोंगरावर चला!"

तिचा आवाज समुद्राकाठी घुमला. दारं उघडली, माणसं बाहेर आली. पण वाडीचं दुसरं टोक लांब होतं.

"तिकडे पोचत नाहीये!" आचो म्हणाला.

तेव्हा दाएंग तोम्पो हलले. चेहरा राखेसारखा झाला होता. त्यांनी ती जड बॅटरी एकट्याने उचलली आणि मासळी वाहायच्या, मोटारवर चालणाऱ्या तीनचाकीत ठेवली. मागोमाग गाण्याचं यंत्र आणि त्याचे कर्णे चढले, मुलं चढली. गावप्रमुख माणसांना वाट दाखवत डोंगराच्या पायऱ्यांकडे पळाले, आणि तीनचाकी वाडीतून धडधडत सुटली.

"डोंगरावर चला! डोंगरावर चला!" तेन्री ओरडत होती. घसा सोलवटून निघाला होता.

ओसरीवर आजी काठी टेकून उभी होती. "माझे गुडघे त्या पायऱ्या चढायचे नाहीत. तुम्ही जा गं, पोरींनो."

"आजी!" बासेने हंबरडा फोडला.

दाएंग तोम्पोंनी वादच घातला नाही. आजीला लहान मुलासारखं उचललं आणि कर्ण्याशेजारी बसवलं.

"हळू रे मेल्या! मी काय मासळीची टोपली आहे?"

"नाही आजी, तुम्ही त्याहून जड आहात!" ते म्हणाले. त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं. पायऱ्यांशी पोचताच त्यांनी आजीला पाठीवर घेतलं, आचोने आणि दोन कोळ्यांनी बॅटरी उचलली, आणि सगळे वर चढले.

समुद्र भिंतीसारखा आला नाही. दूध उतू जावं तसा तो फुगला, धक्क्यावर चढला, आणि मग चढतच राहिला. डोंगरावरून सगळं गाव बघत होतं. होड्या रस्त्यात आल्या. दुकानाचे बाक तरंगत माडांत शिरले. कुणाच्या तरी दाराची निळी फळी गोल गोल फिरत दूर गेली. मासळी बाजारात कमरेएवढं पाणी होतं. भोंग्याचा खांब मात्र उभा होता.

"पिल्लं वर आहेत," बासे मुसमुसत म्हणाली. "वर आहेत ना, ताई?"

"पाण्याच्या खूप वर," तेन्रीने तिला जवळ घेतलं.

गावप्रमुखांनी माणसं मोजली. एकदा मोजली, पुन्हा मोजली. दोनशे चौदा! एकही कमी नाही. मग ते सगळ्यांसमोर उभे राहिले.

"घरं बांधू, होड्या दुरुस्त करू," ते म्हणाले. "पण आज इथं जी माणसं आहेत, ती या तीन पोरांमुळे आहेत. चुकलो ते आम्ही मोठे. आणि मी तर चुकीवर गात होतो."

"आणि तेही बेसूर!" आजी म्हणाली. रडता रडता सगळा डोंगर हसला.

पाणी ओसरल्यावर दुसऱ्या दिवशी आधी चूल कुणाचीच पेटली नाही. आधी शिडी आली. घरटं अलगद शेजारच्या झाडावर एका करवंटीत ठेवलं गेलं. मग दाएंग तोम्पो बॅटरी पाठीला बांधून स्वतः चढले, पेटी बंद केली, कुलूप लावलं आणि खाली येऊन किल्ली गावप्रमुखांच्या हातात दिली.

"माझ्याकडे नको," ते खाली मान घालून म्हणाले.

गावप्रमुखांनी तेन्रीकडे पाहिलं. "काय करायचं गं? तू सांग."

तेन्रीने विचार केला. काल तीनचाकी कुणी पळवली, आजीला कुणी उचललं, हे ती विसरली नव्हती.

"किल्ली दाएंग तोम्पोंकडेच राहू दे," ती म्हणाली. "पण सव्वीस तारखेला दहा वाजता आम्ही तिघं खाली उभे राहणार. शाळा असली तरी!"

"शाळेला मी सांगेन," गावप्रमुख म्हणाले. "तोम्पो, वाजव."

भोंगा असा दणाणला की आचोने कान दाबले, बासे आजीच्या पदरात शिरली. तेन्री मात्र तशीच उभी राहिली. काल तिच्या डोळ्यांतून एक थेंब आला नव्हता. आता ती हमसून हमसून रडायला लागली.

दाएंग तोम्पोंनी आपला खरखरीत हात तिच्या डोक्यावर ठेवला. भोंगा थांबेपर्यंत त्यांनी तो काढला नाही.