नाव बदललेलं प्रकरण

अख्ख्या वाशीची लाइट गेली त्या दुपारी मी सेक्टर सतरामधल्या एका सायबर कॅफेत बसले होते. तासभर टाइप केलेला ई-मेल डोळ्यांदेखत काळ्या पडद्यात बुडाला.

"सेव्ह केलेला का?" काउंटरवरून आवाज आला.

"नाही हो..."

"मग परत लिवा, मॅडम. दुसऱ्यांदा लिवलेलं जास्त चांगलं होतं."

मला रडू येत होतं आणि हा हसत होता! त्यानं दार सताड उघडलं. खाडीवरचा खारा वारा आत आला, आणि उजेडात मी कॅफे चालवणाऱ्या निकेशला पहिल्यांदा नीट पाहिलं. सावळा, शांत, मिस्कील डोळ्यांचा.

साल अठ्ठ्याण्णव. मी, अबोली, समाजशास्त्रात पीएच.डी. करत होते. विषय असा की नातेवाईक ऐकूनच गप्प व्हायचे – संगणक आला की माणसाचं खासगीपण कुठं जातं? निकेश मात्र गप्प बसला नाही.

"म्हंजे तुमी लोकांची गुपितं गोळा करता?"

"गुपितं नाही. लोक ती कशी जपतात, ते."

"आनि तुमची कोन जपतं?"

मी वही उघडून उगाचच काहीतरी लिहीत बसले. कान मात्र तापले होते.

मग दर बुधवारी मी तिथं जाऊ लागले. खिडकीजवळचा संगणक माझ्यासाठी रिकामा असायचा. निकेश जवळच्याच कोळीवाड्यातला. घरून तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी आणायचा, अर्धी माझ्यापुढं सरकवायचा. मी पासवर्ड टाइप करायला लागले की तोंड भिंतीकडं फिरवायचा.

"बघितलंत तरी चालेल," मी एकदा म्हणाले.

"नको. एकदा कळलं की सांभाळायला लागतं."

असं बोलणाऱ्या माणसाच्या प्रेमात कोण पडणार नाही?

एका बुधवारी तो गप्पगप्प होता. खूप विचारलं, तेव्हा म्हणाला, "शुक्रवारी दुपारी माजी बहीन येते इथं. जयमाला. नवरा दर्यात गेला तिचा, चार वर्सं झाली. मासळी विकते, सासरीच राहते. मस्कतला एक मानूस हाय, रोहिदास... ती सांगते, मी टाइप करतो. मे महिन्यात लग्न करायचं म्हनतात." मग माझ्याकडं बघून हळूच म्हणाला, "तुज्याशिवाय कोनाला ठाव नाय, अबोली."

त्यानं पहिल्यांदाच मला नावानं हाक मारली. त्या आनंदात मी घरी गेले... आणि लिहायला बसले.

जयमालाचं नाव मी बदललं, मस्कतचं दुबई केलं. माझ्या मार्गदर्शक वैजयंतीमॅडम म्हणाल्या, "हे तुझं सर्वांत उत्तम प्रकरण." पुण्याच्या परिसंवादात टाळ्या पडल्या. एका वर्तमानपत्रानं रविवारच्या पुरवणीत छापायला मागितलं. मी दिलं. निकेशला विचारायचं मला सुचलंसुद्धा नाही. खरं सांगू? सुचलं होतं. तो नको म्हणेल, अशी भीती वाटली.

मासळी विकणारी विधवा, शुक्रवारची दुपार, टाइप करणारा भाऊ. कोळीवाड्यात ओळखायला नाव कशाला लागतं? संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं. सासरच्यांनी जयमालापुढं तिची आठ वर्षांची मुलगी उभी केली. लेक हवी की लग्न?

जयमालानं लेक निवडली. रोहिदासला शेवटचा ई-मेल निकेशनंच टाइप केला.

मी ते प्रकरण प्रबंधातून काढून टाकलं. वैजयंतीमॅडम चिडल्या, माझं वर्ष वाया गेलं. वाटलं, एवढ्यानं काही फिटेल. मग धीर करून बाजारात जयमालासमोर जाऊन उभी राहिले. माफी मागितली. पापलेटांवर पाणी मारता मारता ती थांबली.

"तू लय चांगलं लिवलं व्हतंस म्हनं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "पन माजं व्हतं ना गं ते?"

तिथून मी सरळ कॅफेत गेले. निकेशनं पाणी दिलं. मी ग्लास हातातच धरून बसले.

"माझं तुझ्यावर प्रेम आहे," मी म्हणाले. "आधीच सांगायला हवं होतं."

"माजंपन हाय." तो लगेच म्हणाला, जणू कधीचं ओठांवर ठेवलं होतं. "रागपन नाय आता. पन मागच्या बुधवारी तुला फोन करायला घेतला नि आधी मनात जुळवायला लागलो... हे सांगू का नको, ते सांगू का नको. बायकोशी असं बोलता येतं का, अबोली? जन्मभर?"

मी ग्लास टेबलावर ठेवला आणि पर्स उचलली.

तो स्टॉपपर्यंत सोडायला आला. गर्दीतून जाताना त्यानं क्षणभर माझं मनगट धरलं, आणि सोडलं.

बस सुटली तरी तो तिथंच उभा होता. मी हात हलवला नाही. हलवला असता, तर पुढच्याच स्टॉपला उतरून परत आले असते.