घडी वाढवा

कंदिलाची वात बारीक करून जानराव म्हातारे आधी पोरांकडे एकेक करून बघत, मग सांगत: ही गोष्ट ऐकीव नाही बरं. ज्याच्यावर बेतलं, तो गयासुद्दीन मिस्त्री माझ्या बसण्याउठण्यातला.

अकोल्याचा घड्याळजी तो. साल अठराशे चौसष्ट. कापसाला सोन्याचा भाव आलेला, आणि अमरावतीच्या नत्थुजी शेठनं मुंबईहून टेबलावरची घडी आणली होती. अंगभर निळी मिनाकारी, आकड्यांच्या जागी बारा माणकं. दिवाळीत एक माणिक नाहीसं झालं. नत्थुजीनं बायकोवर, गोदाबाईवर आळ घेतला: भावाला दिलंस. तिसऱ्या दिवशी ती परसातल्या विहिरीत सापडली.

तेव्हापासून घडी बाराला अकराच ठोके देई. ते दुरुस्त करायला पौषातल्या अवसेला, दिवेलागणीच्या वेळी गयासुद्दीन आला.

"अकरा मानकं आहेत, मिस्त्री. सकाळी एक जरी कमी भरलं तर चोर म्हून चावडीत उभं करीन. आन चालती घडी थांबवू नको. घडी थांबली का लक्ष्मी थांबते."

"चालत्या बैलाले नाल ठोकता येते काय, शेठजी?"

"ठोक. त्याच्यासाठीच तुले बलावलं."

आणि शेठनं खोलीला बाहेरून कुलूप घातलं.

रात्री बाराला घडीनं अकरा ठोके दिले. मग आत खर्रर्र झालं. आणि पाठीमागून बाईचा आवाज आला, अगदी हळू.

"मिस्त्री, घडी वाढवा."

त्याला वाटलं, घरातलं कोणी दाराआडून बोलत असेल. घडीला चावी द्या म्हणत असेल. त्यानं चावी फिरवली. घडी जोरात चालू लागली.

"वाढवा ना हो..."

आणखी चावी. आवाज दाराकडून नव्हताच. कानाशी होता.

"वाढवा..."

आता रडणं.

...आणि त्याला आई आठवली. खातूनबी रोज निजताना म्हणायची, "बेटा, चिराग बढा दे." विझव म्हणायचं नाही. बांगडी फुटत नाही, वाढते. दुकान बंद होत नाही, वाढवतात.

मागचं झाकण उघडून त्यानं चाकावर बोट दाबलं.

घडी थांबली.

शांत... मग तिच्या पोटात काहीतरी खट्कन पडलं. त्यानं ती कलती केली. तळहातावर माणिक आलं. खोबणीतून निसटून ठोक्याच्या हातोडीखाली अडकलेलं.

सकाळी नत्थुजीनं ते पाहिलं.

"तूच टाकलं असशील आत. तिच्या भावानं धाडलं काय तुले?"

"मले काहून पुसता, शेठजी? राती ज्या बाई बोलल्या, त्याईलेच पुसा. घडी वाढवा म्हनत होत्या."

"कोन बाई? या घरात आता मी एकटाच..."

बोलता बोलता त्याची नजर टेबलावर गेली.

थांबलेल्या घडीला टेकून एक हिरवी बांगडी होती. गोदाबाई सवाष्ण गेली, हातभर चुड्यासकट तिला अग्नी दिला होता.

बांगडी वाढलेली नव्हती. ओली होती.