मागच्या दाराची टकटक

आंबवड्याच्या आनंदरावांची जीप पळताना झकास पळायची. उभी राहिली की मात्र तिला हुडहुडी भरायची. न्यूट्रलला इंजिन असं थरथरायचं की आरशात मागच्या एका म्हशीच्या दोन दिसायच्या. "हिच्यात बसलं की न्याहारी लवकर जिरते," असं त्यांच्या पत्नी रतनबाई म्हणायच्या आणि आनंदराव हसून सोडून द्यायचे. पण लेक नूतन बाळंतपणाला माहेरी आली, दिवस भरत आले, आणि नेमकी तेव्हाच जीप भोरच्या चौकात बंद पडली. मग काही हसणं जमेना. एका ढगाळ दुपारी त्यांनी गाडी अमृतच्या गॅरेजला नेली.

अमृत मोठा बोलका गडी. त्यानं लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले.

"काय म्हणतीय?" आनंदरावांनी विचारलं.

"लई तक्रारी हाईत, आबा. डिझेलचं एक नोझल ठिबकतंय. खाली इंजिनाच्या बैठकीचं रबर फाटलंय, म्हणून अंगभर हादरे. किती पळालीय?"

"तीन लाखाच्या म्होरं. मग आकडाच हलंना. वेल्ह्याच्या गेनबाची उतारू न्यायची वडाप होती ही. दाटून माणसं भरायचा."

अमृतनं नोझल बदललं, नवं रबर बसवलं आणि चावी फिरवली. जीप मांजरासारखी गुरगुरू लागली. आनंदरावांनी बॉनेटवर पाण्याचा तांब्या ठेवून बघितला. पाणी जागचं हललं नाही. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी त्यातलंच पाणी पिऊन टाकलं.

आणि त्या नव्या शांततेत आवाज आला. टक... टक...

"ह्यो कुठला आणि?"

"मागच्या दाराचा," अमृत म्हणाला. "आधीपास्नंच असंल. थरथरीत कळत नव्हता."

त्यानं कडी हलवून पाहिली, काच दाबून पाहिली, बिजागऱ्या आवळल्या. सगळं घट्ट होतं. इंजिन बंद केलं की आवाज बंद; चालू केलं की पुन्हा हळूच, बोटातल्या अंगठीनं काच वाजवावी तसा. त्यात राग नव्हता, घाईही नव्हती.

"रस्त्यावर बघू, आबा. म्या मागं बसतो."

धुकं खाली आलं होतं. ओल्या भातखाचरांचा वास गाडीत भरला. गाडी पळत होती तोवर काहीच वाजलं नाही. अमृत मागं शीळ घालत होता. आंबवड्याच्या अलीकडच्या फाट्यावर म्हशी आडव्या आल्या, म्हणून आनंदरावांनी गाडी थांबवून न्यूट्रल केली.

टक... टक...

शीळ थांबली.

"आबा..."

"काय रं?"

"म्या दाराला कान लावलाय... आतनं वाजतंय. माझ्या कानापाशी."

"मग?"

"तुमी खाली उतरा... आन् दार उघडा."

आनंदरावांनी उतरून दार उघडलं. भिजल्या घोंगडीचा आणि तंबाखूचा वास त्यांच्या अंगावरून गेला. अमृतच्या शेजारची दबलेली गादी हळूहळू वर आली. रस्त्यात मधोमध उभी असलेली म्हैस, कोणी वाट मागावी तशी, बाजूला सरली.

आनंदरावांनी दार लावलं. गाडी शांत गुरगुरत होती. टकटक थांबली होती.

"उतारू होता, आबा," अमृत म्हणाला. "उतरला. झाली गाडी दुरुस्त." मग दोघांनाही हसू आलं, ते आवरेना. पण भोरला परतताना अमृत पुढंच बसला.

त्याच आठवड्यात एका पहाटे नूतनच्या कळा सुरू झाल्या. जीपनं एकदाही कुरकुर केली नाही. दवाखान्यात मुलगी झाली, गुटगुटीत. "आबा, हादरा म्हणून बसला न्हाई," नूतन म्हणाली. रतनबाई लेकीपाशी थांबल्या. आनंदरावांनी पहिला पेढा अमृतला नेऊन दिला आणि दुपारी ऊन पडलेलं असताना घरची गुरं बघायला एकटेच निघाले.

फाट्यावर गावच्या धोंडाबाई गवताचा भारा घेऊन उभ्या होत्या. आनंदरावांनी गाडी थांबवली.

"नात झाली, आत्या. पेढा घ्या, आन् बसा."

म्हातारीनं पेढा तोंडात टाकला, बाळाला तोंडभर आशीर्वाद दिला, भारा टपावर ढकलला. मग मागचं दार उघडलं आणि तशीच उभी राहिली.

"बसा की, आत्या."

"बसते की, आनंदा. घाई काय? आधी ह्या समद्यांस्नी उतरू दे."

आनंदरावांनी आरशात पाहिलं. मागं कोणी नव्हतं.

धोंडाबाईंनी पदर सावरला, एक पाऊल मागं सरल्या आणि ओळखीचं हसल्या. दार त्यांनी धरून ठेवलं होतं. बराच वेळ धरून ठेवलं होतं.